दहावीचं जुनं पुस्तक

गारखेड्यातल्या बालवाडीच्या बाकावर उमा प्रवेशाच्या मुलाखतीआधी आपल्या मुलाकडून, केयूरकडून एबीसीडी घोटून घेत होती. तेवढ्यात रामकिसनआबा नातीला कडेवर घेऊन मुलाखतीच्या खोलीतून बाहेर आले. शेजारी टेकताच त्यांनी वाळूजच्या कंपनीत ड्युटीवर असलेल्या पोराला स्पीकरवर फोन लावला.

“आबा, अक्षरं सांगितली का संस्कृतीनं?”

“एक बी नाय.”

“मंग? नाय घेतलं?”

“आरं, ऐक तर! बाईंनी मुद्दाम पुस्तक उलटं दिलं. आपल्या पोरीनं पहिलं ते सुलटं केलं, अन् वळीवर बोट फिरवत गोष्ट सांगाया लागली. बाई म्हनल्या, या वयात एवढंच लई झालं. घेतलं तिला!”

फोन ठेवल्यावर उमाला राहवेना.

“आबा, क्लास कुठे लावला होता हो?”

“कसला क्लास, ताई? मीच रोज पुस्तक घेऊन बसतो.”

“तुम्ही वाचून दाखवता?”

“मला कुठं वाचता येतं! हिच्या बापाचं दहावीचं जुनं पुस्तक हातात धरतो अन् मनानंच गोष्ट सांगतो. उलटं धरलं तर मला कळत बी नाय. ही चित्रं बघून सुलटं करून देते अन् म्हनते, ‘हं आबा, आता वाच.’”