ग्रंथपाल बाई आणि त्या रविवारची चर्चा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील कार्यकारिणीची वडीलधारी मंडळी, वाचक सभासद, आणि आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत त्या आमच्या ग्रंथपाल बाई,

चिटणीस म्हणून मला पाच मिनिटं मिळाली आहेत. बाईंनी या ग्रंथालयाला सव्वीस वर्षं दिली, तेव्हा थोडं इकडेतिकडे झालं तर अध्यक्षांनी घंटेला हात लावू नये.

पुस्तकाचं नाव आठवत नसलं तरी "निळ्या पुठ्ठ्याचं, म्हातारा मरतो ते" एवढ्यावर बाई ते काढून देत. बाई मूळच्या सीमेकडच्या. बोलण्याला जरा वेगळा हेल, एवढंच. आपण त्याची नक्कल करायचो. प्रेमानेच करायचो, असं आपलं म्हणणं.

मग सीमेवर गोळीबार झाला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. आपणही जाहीर चर्चा ठेवली, ‘सीमेकडच्यांवर भरवसा ठेवावा का?’ विषय कुणी सुचवला? मी. दीडशे खुर्च्या बाईंनी मांडल्या, वक्त्यांसमोर पाणी ठेवलं आणि दाराशी उभं राहून दोन तास ऐकलं. एक वक्ते म्हणाले, ही माणसं खाल्ल्या मिठाला जागत नाहीत. टाळ्या पडल्या. शेवटी बाईंनी हात वर केला. मला दिसला होता. वेळ संपली म्हणून मी आभार मानून मोकळा झालो.

सभेतून उठलेली काही पोरं कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली. बाईंचे यजमान तिथे घड्याळं दुरुस्त करत. त्यांना दोन वाक्यं बोलायला लावली, हेल ऐकला आणि काउंटर फोडला. काच उजव्या डोळ्यात गेली. भिंग लावायचा तोच डोळा. मी वाचनकक्षाच्या खिडकीतून पाहत होतो. पोलिसांना म्हणालो, सगळे पाठमोरे होते.

पाठमोरे नव्हते. त्यांतले दोघे आपले सभासद आहेत. आठवड्याने त्यातला एक पुस्तक बदलायला आला. बाईंनी शिक्का मारून त्याला पुस्तक दिलं. मला राहवलं नाही, विचारलं, याला पुस्तक कसं दिलंत? बाई हळूच म्हणाल्या, "पोलिसांना मी नावं दिली आहेत, साहेब. घरच्या माणसाची साक्ष पुरत नाही म्हणतात. दुसरा कुणी पाहिलेला हवा."

मी चष्मा पुसत बसलो. पाच महिने पुसत होतो म्हणा ना.

बाईंनी मुदतीआधी राजीनामा दिला, तेव्हा कुठे मी चौकीवर जाऊन जबाब लिहून दिला. फौजदारांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? मी जबाबाखाली सही केली. डोळा गेला तो गेलाच. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं केलंत. आमचं सामान मात्र पुढे गेलंय."

त्या दोघांपैकी एक जण आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. इथे नाव घेत नाही, जिथे घ्यायचं तिथे घेतलं आहे.

बाई, ग्रंथालयाच्या वतीने आपले आभार. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. भाषणात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. बाकीची माफी मी मागत नाही. निरोपाच्या दिवशी चारचौघांत ती मागितली, तर बाईंना ती द्यावीच लागेल.