थोरल्या जावयानं गाडी थांबवली

हुसेनबी : दादा, तुमी आधी सरळ पुढं गेलासा की. मग परत मागं कसं आलासा?

धनाजी : मी? छे छे, मावशी! मी गाडी वळवायला जागा पाहत होतो. अडलेल्या माणसाला रस्त्यात सोडून जाणं या धनाजी शेलारच्या रक्तात नाही. आपण नीट बसलात ना? पाणी घेणार का?

हुसेनबी : पानी नको. गाडी तेवढी दाबा.

धनाजी : दाबतो. आपण आधी आपली अडचण सांगा. जरा मोठ्यानं सांगा.

हुसेनबी : मोठ्यानं? तुमाला ऐकू कमी येतंय व्हय?

धनाजी : मला येतंय हो. बाकीच्यांना यायला पाहिजे ना.

हुसेनबी : कोन बाकीचं? गाडीत तुमी आन् मी.

धनाजी : बरं बरं. आपण दोघंच, समजलं. हं, सांगा.

हुसेनबी : सांगितलं की मगाशी. माझी लेक मिस्बाह साताऱ्यात दवाखान्यात हाय, बाळंतपनाला. लय सीरियस हाय म्हनून फोन आला. यष्टीची वाट बघून बघून डोळं दुखलं. केळघरच्या फाट्यावर येईल त्या गाडीला हात करत हुते, तर महाबळेश्वरास्नं उतरनाऱ्या गाड्या भुर्रकन जायच्या. आतनं पोरं मक्याचं कनीस खात माझ्याकडं बघत्यात, पन थांबंना कोनबी.

धनाजी : अरेरे! काय ही माणुसकी! पण मावशी, मी थांबलो. महाबळेश्वरात हॉटेलवर माझे प्रवासी खोळंबलेत, त्यांना पॉइंट दाखवायचे आहेत. तरी मी उलटा वळून साताऱ्याकडे निघालो. का? कारण माणूस हाच...

हुसेनबी : दादा, म्होरं बघा! म्हशी आल्या आडव्या!

धनाजी : हॉऽ हॉऽ! आरं कुणाची रं ही म्हसरं? मालक झोपलाय व्हय रं तुजा? ...हे जरा काढून टाका म्हणावं त्यांना.

हुसेनबी : काय काढून टाका?

धनाजी : हेच, आता बोललो ते. आन् पहिल्यांदा मी पुढं गेलो तेबी. काढत्यात ना? रविराजचंबी काढलंच असणार की कायतरी.

हुसेनबी : कोन रविराज?

धनाजी : ह्याला म्हणायचं काम! चेहऱ्यावर काय म्हणून दिसत न्हाई. खरं सांगू मावशी? त्या सातारच्या पोरापरीस तुमी लय भारी करताय. फाट्यावर तुमचं रडणं बघून माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या नाटकात असता?

हुसेनबी : या अल्ला! दादा, तुमी काय पिलंय व्हय? मला हितंच उतरवा.

धनाजी : न्हाई वं, सकाळपासनं चहाबी न्हाई. आवं, मी ओळखलंय सगळं! तुमाला जायाचं खाली साताऱ्याला, आन् तुमी हात करताय वर जाणाऱ्या गाडीला. असं खरं माणूस करतंय व्हय? तवाच माझ्या डोक्यात परकाश पडला. कॅमेरा त्या गाठोड्यात हाय, का मागच्या फटफटीवर? केळघरपासनं पाठ सोडंना त्यो. आरशात बघतोय मी.

हुसेनबी : गाठोड्यात बाळुती हायत. माझी जुनी लुगडी फाडून, धुऊन आनलीत. घाला हात, बघा. वरच्या गाडीला हात केला कारन माझं डोस्कं चालंना. एवढा येळ हुभी हुते, कुटली गाडी कुटं जाती ते बघायचं भान न्हवतं.

धनाजी : आन् त्यो फटफटीवाला?

हुसेनबी : त्यो बघा, वळला की डेअरीकडं. दोनी बाजूला दुधाच्या किटल्या हायत त्याच्या.

(गाडी थांबते.)

हुसेनबी : थांबलासा का?

धनाजी : म्हंजे खरंच कोण न्हाई?

हुसेनबी : कोन पायजे तुमाला?

धनाजी : काय सांगू आता तुमाला! हल्ली पोरं मोबाईलवर टाकायला असलं करत्यात. रस्त्यात चक्कर आल्याचं सोंग करायचं, मदत मागायची, आन् कोण थांबतंय, कोण निघून जातंय ते चोरून टिपायचं. सातारच्या स्टँडवर माझ्या साडूनं असल्याच एका पोराला पाणी पाजलं, सोताचा डबा चारला. झालं! व्हिडिओ घराघरात गेला. गावात शाल, नारळ. चौकात हा एवढा फ्लेक्स, 'माणुसकीचा झरा, रविराजभाऊ'. घरात आईला तांब्या भरून देत न्हाई कवा, आन् म्हणं झरा!

हुसेनबी : मग तुमाला काय तरास त्याचा?

धनाजी : तरास? आवं, थोरला जावई मी! ह्या धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं दोघांस्नी जेवायला बोलावलं. पाट आधी त्याला. वाण आधी त्याला. माझ्या ताटात तूप वाढायचं इसरली सासू, आन् त्याला नको नको म्हणंस्तवर वाढलं. सासरा त्याचा फोन हातात धरून आल्यागेल्याला दाखवतोय. आन् माझी बायको सोनिया, माझी सोताची बायको, तिनं त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. वर मला म्हणती, 'रविदाजी थांबले. तुमी थांबला असता का?'

हुसेनबी : काय म्हनलासा मग?

धनाजी : काय म्हणणार? ताटावरनं तसाच उठलो. तवापासनं रस्त्यानं नुसतं बघत असतोय, कोण पडलंय, कोण हात करतंय. एकाला उचलला तर त्यो दारुडा निघाला, गाडीतच वकला. एका म्हातारीचं सरपण पार तिच्या दारात नेऊन टाकलं, आजूबाजूला चिटपाखरू न्हाई. जळतो मी, मावशी. त्याचा फ्लेक्स दिसला की अंगाची नुसती लाही हुती. एखाद्या वावटळीत फाटंल म्हणून वाट बघतोय, तर वारंबी सुटंना.

हुसेनबी : आन् आता?

धनाजी : आता काय, बसलो तोंडावर आपटून. हॉटेलवरचे पाव्हणे फोनवर फोन करायल्यात. तुमाला मेढ्याच्या स्टँडवर सोडतो. तिथनं मिळंल यष्टी.

हुसेनबी : स्टँडवर नको, दादा. साताऱ्यापतुर चला. पाया पडते.

धनाजी : आवं, पाया काय पडताय! लेक सीरियस हाय म्हणून तर स्टँडपतुर येतोय, न्हाईतर...

हुसेनबी : सीरियस न्हाई ती.

धनाजी : काय?

हुसेनबी : सकाळीच सुटली. पोरगी झालीया. दोघीबी चांगल्या हायत.

धनाजी : आन् ते रडणं? सीरियस हाय म्हणून फोन आला ते?

हुसेनबी : खोटं बोलले. चांगलं हाय म्हनल्यावर कोन गाडी थांबवतंय?

धनाजी : वा गं वा! म्हंजे सोंग हुतंच की! मी म्हणत हुतो ते काय चुकीचं न्हवतं!

हुसेनबी : रडनं खरं हुतं. दादा, माझी इहीन हाय सांगलीची, जैबुन. जावई अजीमची आई. तिला सकाळीच फोन गेला आन् ती लगीच गाडी करून निघाली. मी कालच्याला शेरडांचं बघायला म्हनून घरला आलते, आन् नेमकी आज पोरगी बाळंत झाली. आता ती पोचनार, बाळ मांडीवर घेनार, आन् मी जाऊन बघनार तिच्या मांडीवरचं.

धनाजी : एवढ्यासाठी? आवं, मांडीवर तुमी घ्या न्हाईतर तिनं घेऊ दे. आजी दोघीबी.

हुसेनबी : तुमाला पाट आधी पायजे हुता न्हवं?

धनाजी : ...माझं येगळं हाय.

हुसेनबी : व्हय, येगळं हाय. माझ्या मिस्बाहला ह्याच्या आधी एक पोरगा झालता, सांगलीत. दिवस भरायच्या आधीच. पाऊस असा की आमच्या घाटात दरड आली, यष्टी बंद, वाट बंद. मी पोचले तवा मातीबी देऊन झालती. दोनच दिवस हुतं ते लेकरू. जैबुननं बघितलं त्याला. मी न्हाई. कवा भेटली की सांगती, नाक तुमच्यासारखं हुतं, हुसेनबी, बोटं लांब हुती. ती मायेनंच सांगती, मला कळतंय. पन माझ्या काळजाची आग हुती. माझं नातवंड, आन् त्याचं नाक कसं हुतं ते मी तिच्या तोंडानं ऐकायचं? तिनं बघितलं आन् मी न्हाई, ह्याच्यावर जळते मी. आता ह्या पोरीला तरी मला आधी बघू दे.

(गाडी सुरू होते.)

हुसेनबी : रागावलासा?

धनाजी : काच वर करा. धुरळा यायला लागलाय.

हुसेनबी : दादा, ते बघा, स्टँड आलं.

धनाजी : हं.

हुसेनबी : दादा, स्टँड मागं गेलं.

धनाजी : बघितलं मी. ती सांगलीची कुठवर आली म्हणं?

हुसेनबी : मगाशी कराडच्या म्होरं आलती.

धनाजी : मग हाय अजून टाइम. हायवेला काम चाललंय, अडकंल तिथं. हितनं साताऱ्यापतुर आपल्या हातात हाय. घट्ट धरून बसा. ...हॅलो, हां साहेब. न्हाई, आज जमत न्हाई. घरचं काम निघालं. दुसरी गाडी सांगतो तुमाला. शिव्या देऊ नका, साहेब, बाईमाणूस हाय गाडीत.

हुसेनबी : घरचं काम म्हनलासा?

धनाजी : मग काय सांगू? इहिणीसंगं शर्यत लावलीय म्हणून?

(गाडी साताऱ्यात शिरते.)

हुसेनबी : थांबा, माझा फोन वाजतोय. अजीम हाय. ...हां बेटा. आयी क्या वो? ...अच्छा. ...क्या बोल्या? फिरसे बोल. ...हां. हां, आती मैं.

धनाजी : पोचली ना? त्या उसाच्या ट्रॅक्टरनं घात केला आपला! हॉर्न वाजवून वाजवून हात दुखला, पण बाजूला सरंना. लय येळ झाला का तिला?

हुसेनबी : मगाशीच पोचलीया.

धनाजी : झालं मग. घेतलं असंल पोरीला.

हुसेनबी : न्हाई घेतलं.

धनाजी : का? नर्स देईना व्हय?

हुसेनबी : नर्स दोनदा द्याया गेली, तर तिनं हात मागं घेतला. आत बी गेली न्हाई. दाराभायेर बाकड्यावर बसलीया. म्हनती, मागल्या बारीला मी एकटीनं बघितलं, ते मलाच सोसंना. ह्या बारीला आधी हुसेनबी बघंल, मग मी.

धनाजी : आयला.

हुसेनबी : दादा, नमाजाला बसले तरी जळत हुते मी तिच्यावर. तिच्या हातचा चा मला कवा ग्वाड लागला न्हाई. वाटंत गाडी बंद पडू दे तिची, असं मगाशी मनात म्हनले. आन् ती बाकड्यावर बसलीया. आता मी तिच्याम्होरं कसली जाऊ? सांगा की. तुमाला कळतंय ह्यातलं.

धनाजी : मला जळायचं कळतंय, चाची. पुढचं काय ठाव न्हाई. ह्यो बघा, आला दवाखाना.

हुसेनबी : तुमी चला आत संगं. पोरीला बघा.

धनाजी : मी कशाला? घरच्यांनी आधी बघू दे.

हुसेनबी : मग तुमच्या सोनियाला फोन लावून द्या. मी सांगते तिला, तुमचा मानूस थांबला म्हनून.

धनाजी : नको. पहिल्या हातालाच थांबले, का म्होरं जाऊन माघारी आले, म्हणून इचारंल. आन् तुमाला खोटं बोलाय जमत न्हाई.

हुसेनबी : जमलं की फाट्यावर.

धनाजी : उतरा आता. डोळं पुसा, आन् गाठोडं मी देतो हातात. जावा, चाची. लय येळची बसलीया ती.