सुपातलं सुरण

हसू नका, पण परवा मी चिकन सूप केलं. दादा, म्हणजे माझे वडील, वारल्यापासून दोन महिने आई नुसत्या चहावर होती, कुणाशी धड बोलतही नव्हती. म्हणून गावठी कोंबडी आणली. तिच्यात गाजर, रताळं आणि परसातलं सुरण टाकून तासभर उकळलं. एक वाटी आईला दिली, एक मी घेतली.

दोन घोटांत दोघांचेही घसे खाजायला लागले.

"सुरनाला चिंच लावलीस?" आईनं विचारलं.

"ती लावायची असते?"

"मंग काय तुजा बापूस येऊन लावल? ठेव ती वाटी, गाढवा!"

दोन महिन्यांनी आई अशी ओरडली होती. ती थांबू नये म्हणून मी तिच्यासमोरच आणखी एक वाटी भरून प्यायलो.