लेकरानं सांगायचं तरी काय?

...चार रात्री डोळ्याला डोळा नाही हो, आणि कारण काय, तर बालवाडीच्या मॅडमचा निरोप! शनिवारी प्रत्येक लेकरानं सगळ्या पालकांसमोर उभं राहून 'मी कोण' ते सांगायचं. बाकीच्यांचं सोपं आहे, नाव, गाव, मामाचं गाव, की बसा खाली. पण आमच्या रेवतीचे बाबा इथिओपियाचे! हळदीवर पीएचडी करायला परभणीला आले, ते अंगाला हळद लावून इथंच राहिले. आणि मी हिंगोलीच्या पुजाऱ्याची लेक... मग लेकरानं सांगायचं तरी काय?

तुम्हाला सांगते, आधी मी 'अर्धी इथली, अर्धी तिथली' असं पाठ करून घेतलं, तर पोरगी आरशासमोर उभी राहून विचारते, "कोणती अर्धी, आई? वरची का खालची?" संपलं! आमची आई म्हणाली, "संगम म्हण गं, ऐकायला पवित्र वाटतं." शेजारच्या मनकर्णाकाकू म्हणाल्या, "काहून येवढा इचार करता? रंग बापाचा, हट्ट आईचा, झालं की!" आणि ह्यांना विचारलं, तर ताटावरून मान वर न करता म्हणतात, "हायब्रीड सांग. उतारा चांगला येतो."

हसा, हसा तुम्ही. पण परवा वसमतच्या बसमध्ये एका बाईनं रेवतीच्या कुरळ्या केसांवरून हात फिरवत मला विचारलं, "लेकरू सांभाळता का हो तुमी?" मला! नऊ महिने पोटात वागवलेल्या मला! एम.ए. झालेल्या आईला उत्तर सुचेना, मग लेकरानं सांगायचं तरी काय?

शेवटी 'आई हिंगोलीची, बाबा इथिओपियाचे, मी दोघांची' एवढंच घोटून घेतलं. आंघोळीत, वेणी घालताना, भाजीच्या घासागणिक...

शनिवारी नाव पुकारलं. तीस पालक, सगळ्यांच्या माना आधी ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग तिच्याकडे. मॅडम म्हणाल्या, "सांग बेटा, तू कोण?" इकडे माझेच ओठ हलायला लागले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि मोठ्या समजुतीनं म्हणाली,

"आईचं अजून ठरलं न्हाई मॅडम, ती सगळ्यायला इचारून राहिली. तवर मी डबा खाऊ का?"