आज नंबर तुझा

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात माझ्यासमोरच्या बाकावर एक आई आणि तिची दहावीतली मुलगी बसल्या होत्या.

"आई, सकाळची गोळी घेतलीस ना? डॉक्टर विचारतील."

"मला नाही विचारणार. आज नंबर तुझा आहे."

"माझा? मला काय धाड भरलीय?"

"मी वर्षभर अंथरुणातून उठत नव्हते, तेव्हा सगळं घर तू ओढलंस. पोहायला जाणं सोडलंस, मैत्रिणी सोडल्यास. आता मी बरी आहे, तरी दुपारी जरा पडले की माझ्या नाकाशी बोटं धरून श्वास बघतेस."

"तू जागी असतेस?"

"असते. डोळे मिटून रडू आवरत असते."

"मी ठीक आहे गं. तू काळजी करू नकोस, तुलाच त्रास होईल."

"काळजी करणं हे आईचं काम. पुष्कळ दिवस तू केलंस, आता माझं मला परत दे. आणि आधी नीट बस! पोक काढून काय बसलीस?"

"आई! ओरडलीस मला!"

"हसतेस काय? अजून ओरडेन."

"ओरड ना! किती दिवसांनी ओरडलीस!"

दवाखान्यातले सगळे वळून बघायला लागले. तेवढ्यात आतून मुलीच्या नावाचा पुकारा झाला.

"तू येतेस आत?"

"नाही. माझ्यासमोर तुला मोकळं बोलता येणार नाही. मी इथेच बसलेय."

"आणि मी तुझ्याबद्दल काही वाईट बोलले तर?"

"बोल की! पोटात काही ठेवू नकोस. आता मी मोडत नाही."