अक्काचा फोटू असलेलं पत्रक

टाळकरी, जरा हात थांबवा! मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. खोटं लिहिणारा पापी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण खोटं वाचून गप्प बसणारा? त्याचं काय करायचं? — बघा, पुढच्या रांगेतल्या माना खाली गेल्या! अहो थांबा, अजून गोष्ट सुरू व्हायचीय!

तर कवठेमाळ नावाचं गाव. तिथं एक शिरपा. काम काय? पत्रकं वाटायची! जत्रेचं पत्रक, तंबूतल्या सिनेमाचं, मूळव्याधीच्या औषधाचं — आणि निवडणूक आली की गटारीचं! हसताय? दर पाच वर्षांनी तीच गटार. पत्रकात वाहते, गावात तुंबलेली! शिरपाला स्वतःला मात्र एक अक्षर वाचता येत नव्हतं.

घरात थोरली बहीण, शेवंता. आई गेली तेव्हा शिरपा तीन वर्षांचा. हिनंच त्याला वाढवला, त्याच्यापायी लग्न केलं नाही. अंगणवाडीत पोरांची खिचडी शिजवायची. निम्मं गाव हिच्या हातचं खाऊन मोठं झालेलं! एका साली गावातल्या बायांनी तिला पंचायतीला उभं केलं.

मतदानाला दोन दिवस उरले. समोरच्या पार्टीचा एक परगावचा माणूस आला, शिरपाच्या हातात गठ्ठा ठेवला. "शिरपा, तुझ्या अक्काचं पत्रक! बघ, फोटू!"

फोटू खरंच अक्काचा! शिरपा हरखला हो! आणि फोटूखाली काय छापलं होतं? 'पोरांच्या तोंडचा घास चोरणारी! अंगणवाडीचं धान्य विकणारी!' छापणाऱ्याचं ना नाव, ना गाव.

निघाला की वाटत! "घ्या काकू, माझी अक्का! घ्या गुरुजी, फोटू झ्याक आलाय का न्हाई?"

काकूंनी वाचलं, शिरपाच्या तोंडाकडं बघितलं, "बरं हं" म्हणाल्या आणि दार लावलं. गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं — आणि म्हणाले, "झ्याक आलाय!" तीनशे घरं, मंडळी! एकानं, अहो एकानं तरी त्याचा हात धरावा! नाही. कुणाला भांडण नको होतं, कुणाला गंमत वाटत होती. तिला उभं करणाऱ्या बायासुद्धा वाचून आत गेल्या.

उरलेलं एक पत्रक घेऊन शिरपा घरी आला. "अक्का, वाच की! मोठ्यानं वाच!"

शेवंता प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेली. बोट फिरवत वाचायची. मध्येच बोट थांबलं.

"वाटलीस सगळी?"

"सगळी! एक घर सोडलं न्हाई!"

तिनं भावाच्या तोंडाकडं बघितलं. आणि वाचलं — "शेवंता चांगली बाई आहे. पोरांना पोटभर घालते. हिला मत द्या."

शिरपानं टाळ्या वाजवल्या हो! काय झालं असेल त्या माउलीच्या जिवाचं!

सकाळी खिचडी शिजली. एकही पोर आलं नाही. दुपारपर्यंत शेवंता पातेल्यापाशी बसून. शिरपा आळीत धावला — "पोरं का धाडली न्हाईत?"

एक आई फणकारली, "तूच वाटलंस की, तुझी बहीण चोर हाय म्हणून!"



निवडणूक गेली, ती जाऊ द्या. अंगणवाडीही सुटली. पुढं चौकशी झाली, काही निघालं नाही. पण त्याचं पत्रक कुणी छापलं का? घरोघर वाटलं का? वर्षाच्या आत शेवंता खंगून गेली, मंडळी.

तेरावा झाला आणि शिरपा पुन्हा त्याच घरांतून फिरला. रिकाम्या हातानं! दारात उभा राहायचा, एवढंच विचारायचा — "तुम्हाला वाचता येत हुतं. मग मला सांगितलं का न्हाई?"

गुरुजींना उत्तर आलं नाही. काकूंना आलं नाही. तुम्हाला येतंय?

आता पत्रकं मोबाईलवर येतात. आज दुपारी कुणाचा तरी फोटू आला, खाली काहीबाही लिहिलेलं. खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं — आणि तुम्ही गप्प बसलात! मला सांगू नका. देवालाही सांगू नका, त्यानं बघितलंय. ज्याचा फोटू होता, त्याच्या दारात जा. तेवढं सांगून या. आरतीला मी थांबतो.