पास्कू ठेवून गेला ती माळ

आमी वसईकडचे, पानवेलीवाले. आई दिवसभर वाडीत, म्हणून धाकट्या भावाला, पास्कूला, मीच वाढवला, बाप्तिस्म्याला हातावर धरला तो पण मीच. गल्फचं वारं सुटलं तशी मी बहारीनला हॉस्पिटलात आया म्हणून आले, मागनं त्याला बोलावला, तिथंच हूऱ्या भागात हॉटेलात लागला. शुक्रवारी सुट्टी, चर्चमध्ये मिस्सा, मग नईम भागात माझ्या खोलीवर जेवण, मग आईच्या जपमाळेवर रोझरी, अर्धं नमो मरिया मी म्हणायची, उरलेलं तो.

काय सांगू तुम्हाला, एका शुक्रवारी येऊन म्हणतो, बाय, मी समुद्रात बुडी घेतली, आता खरा बाप्तिस्मा झाला. बिलिव्हर लोकांत, म्हणजे बायबल सोडून माळ-बीळ न मानणाऱ्यांत, जायला लागला होता, कुणाच्या फ्लॅटवर जमायचे ते. माझं डोस्कंच फिरलं. मेल्या, मी तुला धरला तो काय खोटा? म्हणाला, तेव्हा मला कुणी विचारलं होतं, बाय? आणि माळ टेबलावर ठेवून गेला.

असे आणखी चार-पाच जण गेले, तेव्हा आमचे फादर जागे झाले. आधी मिस्सेत ओरडले, बाप्तिस्मा एकदाच, तिकडं पाय ठेवू नका. मला बरं वाटलं. पण मग तेच फादर म्हणायला लागले, चूक आपली पण हाय, आपण लोकांच्या हातात बायबल दिलंच नाय. मिस्सेनंतर वाचन सुरू केलं, गिटार आणली, घरोघर फिरले. मला म्हणाले, पास्कूला जेवायला बोलव, माळेचं काढू नको. मी त्यांचं पयलं ऐकलं, दुसरं नाय ऐकलं.

नाताळला आला तो. मी दारातच विचारलं, माळ घेशील? हसला, म्हणाला, बाय, भूक लागलीय गं. आत मटण शिजत होतं. मी दार लावलं. हो, ह्याच हातानं लावलं.

दोन महिन्यांनी कामावरच त्याच्या छातीत कळ आली, खलास. पेटी वसईला जायची होती. आमच्यात मेलेल्याच्या बोटांत माळ गुंडाळतात, मी ती घेऊन शवागारात गेले होते. त्याचे हात बघितले, आणि वाटलं, आता हा नको म्हणू शकत नाय म्हणून घालू का? माळ परत पर्समध्ये टाकली.

आता शुक्रवारी मी पण फादरच्या वाचनाला बसते. घरी येऊन रोझरी म्हणते, त्याच्या वाटचं अर्धं पण मीच म्हणते. तुम्हाला भाऊ हाय ना? देव त्याला सुखात ठेवो. आज बोलवा त्याला जेवायला, काय विचारू नका.